चलानापाशी गाडी अडते, रिकॉलपाशी का नाही?

ऑगस्ट 2023 मध्ये महिंद्राने 1,08,306 एक्सयूव्ही 700 गाड्यांची तपासणी जाहीर केली. इंजिनाच्या भागातली वायरिंग घासली जाऊन कापली जाण्याचा धोका होता. 8 जून 2021 ते 28 जून 2023 या दोन वर्षांत बनलेल्या गाड्या त्यात होत्या. गाडी सर्व्हिस सेंटरला आणायची, वायरिंग तपासून घ्यायची, गरज असेल तर दुरुस्ती, सगळं मोफत. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये याच मॉडेलच्या मॅन्युअल गिअरच्या 12,566 आणि स्कॉर्पिओ-एनच्या 6,618 गाड्या क्लचच्या बेल हाउसिंगमधल्या एका रबरी भागासाठी बोलावल्या होत्या.

कंपनीने दोष ओळखला, जाहीर केला, खर्च उचलला. हे योग्यच झालं आणि रिकॉल झाला, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या, म्हणून एखादी गाडी वाईट ठरवणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. तेव्हा नव्या असलेल्या या गाड्या आता जुन्या बाजारात आल्या आहेत. 'सिंगल ओनर, कंपनी सर्व्हिस, टायर नवे' अशा ओळीखाली त्या पुण्याच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या यार्डांत उभ्या असतात. आई-वडील, दोन मुलं आणि गावाकडचं सामान एकत्र नेता यावं म्हणून पगारदार माणूस कर्ज काढून त्यातली एक घेतो. तो रनिंग विचारतो, अपघात झालाय का विचारतो, इन्शुरन्सची तारीख बघतो, ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. या चासी नंबरवर कुठला रिकॉल निघाला होता का आणि निघाला असेल तर काम झालं का, हे विचारणारा माणूस मला क्वचितच भेटला. विकणाऱ्यानं आपणहून सांगितलं, असंही फारसं ऐकिवात नाही. आणि ज्या सरकारी खिडकीवर गाडी एका नावावरून दुसऱ्या नावावर जाते, तिथे तर हा प्रश्न अस्तित्वातच नाही.

गाडीचं नाव बदलताना आरटीओ काय काय बघतं ते आठवा. फॉर्म 29, फॉर्म 30, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. बँकेचं कर्ज असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र, दुसऱ्या हद्दीतली गाडी असेल तर फॉर्म 28 वर एनओसी. ई-चलान थकलं असेल तर व्यवहार तिथेच थांबतो. कुठल्यातरी सिग्नलला झालेला पाचशे रुपयांचा दंड भरल्याशिवाय गाडी नव्या मालकाच्या नावावर चढत नाही. हे चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. सरकारला स्वतःचे पैसे वसूल करायला हस्तांतराची खिडकी उपयोगी पडते, हे त्यावरून सिद्धच होतं. मग त्याच खिडकीवर, त्याच संगणकात, एअरबॅगचा कंट्रोलर बदलायचा राहिला आहे ही नोंद का दिसू नये?

हे उदाहरण हवेतलं नाही. जानेवारी 2023 मध्ये मारुती सुझुकीने 17,362 गाड्या एअरबॅग कंट्रोलरसाठी परत बोलावल्या. त्यात ब्रेझा आणि ग्रँड विटारा होत्या. अपघाताच्या वेळी एअरबॅग आणि सीटबेल्ट झटकन आवळणारे प्रीटेन्शनर चालणार नाहीत अशी शक्यता होती, आणि भाग बदलून मिळेपर्यंत गाडी चालवू नका असा सल्ला खुद्द कंपनीने दिला होता. त्याच महिन्यात ग्रँड विटाराच्या 11,177 गाड्यांसाठी मागच्या सीटबेल्टच्या ब्रॅकेटचा वेगळा रिकॉल निघाला. मागच्या सीटवर कोण बसतं? घरातली म्हातारी माणसं आणि मुलं.

आपल्याकडे खासगी गाडीला सरकारी फिटनेस तपासणी पहिल्यांदा लागते ती पंधरा वर्षांनी, नोंदणीचं नूतनीकरण करताना. तोवर गाडीच्या ब्रेकला, स्टिअरिंगला, एअरबॅगच्या दिव्याला कुणी अधिकृत माणूस हात लावेलच असं नाही. पीयूसी धुरापुरतं. इन्शुरन्सवाला फोटो मागतो, तोही पॉलिसी खंडित झाली असेल तर. म्हणजे पंधरा वर्षांच्या आयुष्यात हस्तांतर हा एकच प्रसंग असा, की जेव्हा गाडीचा चासी नंबर, जुना मालक, नवा मालक आणि सरकार एका ठिकाणी येतात. ती संधी आपण दरवेळी वाया घालवतो.

रिकॉलची सूचना कशी पोचते तेही पाहा. कंपनी किंवा डीलर फोन करतो, मेसेज पाठवतो, तो त्यांच्याकडे नोंदलेल्या नंबरवर. तो नंबर बहुतेक वेळा पहिल्या खरेदीदाराचा. त्यानं गाडी विकली, नवा माणूस वॉरंटी संपल्यावर गावातल्या गॅरेजमध्ये जायला लागला, की कंपनीचा आणि त्या गाडीचा संबंध तुटला. मेसेज जातो गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसाला. 'माझ्याकडे आता ती गाडी नाही' म्हणून तो पुसून टाकतो, त्याचा तरी काय दोष? गाडी तिकडे लातूरला किंवा नंदुरबारला तिसऱ्या मालकाच्या अंगणात असते. तो अधिकृत सर्व्हिस सेंटरची पायरी चढत नाही, कारण तिथलं बिल त्याला परवडत नाही. रिकॉलचं काम दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही मोफत मिळतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. जितकी गाडी जुनी, जितका मालक साधा, तितकी ही सूचना त्याच्यापर्यंत पोचण्याची शक्यता कमी. सुरक्षिततेची माहिती अशी पैशाच्या उतारानं खाली येताना आटत जाते, याचा मला खरोखर राग येतो.

कायदा नाही असं नाही. 2012 मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेनं, सियामनं, स्वेच्छेनं रिकॉल करण्याची संहिता आणली. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 110ए आलं आणि सरकारला सक्तीनं गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार मिळाला. त्याखालचा नियम 127सी, 1 एप्रिल 2021 पासून लागू झाला. सक्तीचा रिकॉल झाल्यास कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीने स्वतःहून दोष कळवला आणि रिकॉल काढला तर दंड नाही, हीही चांगली तरतूद आहे.

पण हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता आहे. नोंदणी पंधरा वर्षांची आणि संरक्षण सातच वर्षांचं. उरलेली आठ वर्षं गाडी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असते, आणि नेमकी तीच कायद्यानं सोडून दिली आहेत. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तसे तिथले लोक आठ-नऊ वर्षांच्या डिझेल एसयूव्ही बाहेरच्या राज्यांत विकू लागले. आपल्याकडच्या यार्डांतही त्या येतात. दणकट गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेणारेही भरपूर. नियम 127सी च्या हिशेबात यातली प्रत्येक गाडी इथे पोचण्याआधीच बाद झालेली असते.

सात वर्षांत सगळे दोष बाहेर पडतात असं कुणाला वाटत असेल तर होंडाचं उदाहरण आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये कंपनीने फ्युएल पंपासाठी 90,468 गाड्या बोलावल्या. पंपातलं फिरतं पातं, म्हणजे इम्पेलर, सदोष असल्यानं चालती गाडी बंद पडू शकते, असं कारण दिलं. त्या यादीत बीआर-व्ही ही सात सीटची कौटुंबिक गाडीही होती. गाड्या सप्टेंबर 2017 ते जून 2018 मध्ये बनलेल्या. काम नोव्हेंबर 2024 मध्ये सुरू झालं, तेव्हा त्यातल्या सर्वांत जुन्या गाड्यांनी सातवं वर्ष ओलांडलेलं होतं. कंपनीने स्वेच्छेनं पाऊल उचललं म्हणून निभावलं. न उचलणाऱ्या कंपनीला विचारणारा कायदा तिथे थांबलेला असता.

ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. जगातला आजवरचा सर्वांत मोठा रिकॉल तो. त्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे ती फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून ते बिघडतं, आणि मग एअरबॅग उघडताना धातूचं कवचच फुटून त्याचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. नवी असताना ही गाडी कुठल्याही चाचणीत पास झाली असती. धोका वाढतो तो वयाबरोबर, आणि दमट हवेत लवकर. मुंबई, कोकण, गोवा इथल्या हवेबद्दल वेगळं सांगायला नको. होंडाने भारतात जुलै 2016 मध्ये सुमारे 1 लाख 90 हजार गाड्या याच एअरबॅगसाठी बोलावल्या होत्या. त्यातल्या ज्या आल्या नसतील त्या आज कुणाच्या तरी चौथ्या हातात असतील.

याच ताकाताच्या बाबतीत इतर देशांनी काय केलं? जपानमध्ये खासगी गाडीला ठरावीक वर्षांनी 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. मे 2018 पासून त्यांनी ठरवलं की धोकादायक ताकाता एअरबॅग बदललेली नसेल तर गाडी शाकेनमध्ये पासच होणार नाही. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी 2018 मध्ये सक्तीचा रिकॉल लावला. काही राज्यांनी न बदललेल्या गाड्यांची नोंदणी रोखली. 2020 संपेपर्यंत त्या सुमारे 30 लाख गाड्यांपैकी 99.9 टक्क्यांहून अधिक गाड्यांचा निकाल लागला होता. जर्मनीत रिकॉलची पत्रं पाठवायला मध्यवर्ती वाहन नोंदणीतले चालू मालकांचे पत्ते वापरतात, आणि गंभीर रिकॉलकडे मालकानं दुर्लक्ष केलं तर गाडी रस्त्यावर आणायला बंदी येऊ शकते. पद्धती वेगळ्या आहेत, पण तिन्ही ठिकाणी रिकॉल गाडीच्या नोंदणीला बांधला गेला. आपल्याकडे तो अजून कंपनीच्या ग्राहकयादीला बांधलेला आहे.

आपल्या माणसाला हे समजायला परदेशात जायची गरज नाही. शेतजमीन घेताना आपण सातबारा बघतो. बँकेचा बोजा 'इतर हक्क' या रकान्यात लिहिलेला असतो. जमीन विकणाऱ्यानं सांगो वा न सांगो, बोजा जमिनीसोबत चालतो आणि घेणाऱ्याला दिसतो. रिकॉल हा गाडीवरचा बोजाच आहे. फरक इतकाच की तो फेडायला पैसे लागत नाहीत, फक्त गाडी घेऊन जावं लागतं.

आता तक्रारींकडे येतो, कारण रिकॉल आकाशातून पडत नाही. तो मालकांच्या तक्रारींतून वर येतो. जुन्या एसयूव्हीच्या मालकांशी बोललात तर टचस्क्रीन अडकते, दारातून आवाज येतो, एसी मागे पोचत नाही, अशा शंभर तक्रारी ऐकाल. त्यांत मधूनच एखादा सांगतो, की घाटात चालती गाडी बंद पडली, किंवा ब्रेक एकदम कडक झाला. पहिल्या प्रकारच्या तक्रारी त्रासाच्या, दुसऱ्या जिवाच्या. एकट्या मालकाला आपली तक्रार कुठल्या प्रकारची हे कळत नाही. सर्व्हिस सेंटरला 'असं कुणाचं झालं नाही' हे उत्तर मिळालं की तो गप्प होतो. शंभर तक्रारी शेजारी ठेवल्याशिवाय त्यातलं सूत्र दिसत नाही.

अमेरिकेत हे सूत्र दिसायला उशीर झाला त्याची किंमत फार मोठी होती. 1990 च्या दशकात फोर्ड एक्सप्लोरर ही तिथल्या कुटुंबांची लाडकी एसयूव्ही होती. तिच्या फायरस्टोन टायरचा वरचा थर वेगात असताना सुटायचा आणि गाडी उलटायची. 1998 मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीतल्या सॅम बॉइडन या संशोधकाला दाव्यांच्या कागदांत अशा 21 घटना सापडल्या. त्यानं सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेला, एनएचटीएसएला, कळवलं. काही झालं नाही. 1999 मध्ये सौदी अरेबियात फोर्डने हे टायर बदलून दिले, अमेरिकेत त्याची वाच्यता नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये ह्यूस्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्रानं बातमी दाखवली आणि मग तक्रारींचा ओघ सुरू झाला. मे महिन्यात चौकशी, 9 ऑगस्टला 65 लाख टायरांचा रिकॉल. एनएचटीएसएच्या नोंदीनुसार मृतांची संख्या 271 वर गेली.

माहिती होती. ती विमा कंपनीकडे होती, टायर कंपनीकडे होती, मोटार कंपनीकडे होती. ज्यांच्या घरातली माणसं त्या गाडीत बसत होती त्यांच्याकडे ती नव्हती. म्हणून त्याच वर्षी अमेरिकेनं ट्रेड (TREAD) नावाचा कायदा केला आणि परदेशात केलेल्या अशा मोहिमा, नुकसानीचे दावे, मृत्यू, तक्रारी सरकारला कळवणं कंपन्यांना बंधनकारक झालं. आज तिथे कुणीही मॉडेल आणि वर्ष टाकून इतर मालकांच्या तक्रारी वाचू शकतो. ऑगस्ट 2014 पासून चासी नंबर टाकून राहिलेला रिकॉल बघता येतो, आणि मोफत दुरुस्तीचा हक्क पंधरा वर्षांचा आहे. तिथेही सगळं आलबेल नाही. राहिलेला रिकॉल असलेली नवी गाडी विकायला बंदी, मोठ्या भाडे कंपन्यांना तशी गाडी भाड्यानं द्यायला बंदी, पण जुन्या गाड्यांच्या डीलरला देशपातळीवर तशी बंदी नाही. ही पळवाट आपण उचलू नये.

आपल्याकडे नियम 127सी नुसार सक्तीच्या रिकॉलचा विचार व्हायला तक्रारींचा ठरावीक आकडा गाठावा लागतो. जास्त खपाच्या गाडीसाठी तो हजाराच्या वर आहे. लोक तक्रार कुठे करायची हेच जाणत नसताना हा आकडा गाठायचा कसा? आणि जमलेल्या तक्रारी इतरांना वाचता येतील अशा खुल्या नसतील, तर आपल्याला आलेला अनुभव एकट्याचा नाही हे मालकाला समजणार कसं? तक्रारी खुल्या केल्या तर खोट्या तक्रारी येतील, स्पर्धक कंपन्या बदनामी करतील, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण प्रत्येक तक्रार चासी नंबरशी आणि नोंदणीकृत मालकाशी जोडता येते. मालकाचं नाव झाकावं, तक्रार 'पडताळणी न झालेली' म्हणून दाखवावी, आणि तांत्रिक निवाडा पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेवर सोडावा. खोटेपणाच्या भीतीनं खरं बोलणाऱ्यांचाही आवाज बंद ठेवणं मला मान्य नाही.

माझी मागणी साधी आहे. रिकॉल निघाला की कंपनीने त्यातले सगळे चासी नंबर 'वाहन' या सरकारी नोंदणीच्या संगणक प्रणालीत टाकावेत आणि काम झालं की तो नंबर तिथूनच बंद करावा. हस्तांतराच्या अर्जावर राहिलेला रिकॉल आपोआप दिसावा. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी ताब्यात आली की ती पोर्टलवर कळवावी लागते. म्हणजे डीलरच्या हातात गाडी आली हे सरकारला आज कळतंच. त्याच क्षणी त्याला राहिलेला रिकॉल दाखवावा आणि काम करून घेतल्याशिवाय विक्रीला परवानगी देऊ नये. त्याच्याकडे वेळ असतो, माणसं असतात, आणि काम मोफत असतं.

दोन माणसांत थेट व्यवहार असेल तिथे मात्र मी इतका कठोर होणार नाही. सुटा भाग उपलब्ध नाही म्हणून महिनोन्महिने वाट बघायला लावणारे रिकॉल असतात. मुलीच्या फीसाठी गाडी विकायला काढलेल्या माणसाला त्यापायी अडकवून ठेवणं अन्याय होईल. तिथे घेणाऱ्यानं रिकॉल वाचल्याची सही करावी, हस्तांतर व्हावं आणि त्याचा नंबर, पत्ता त्याच दिवशी कंपनीकडे जावा. फक्त 'गाडी चालवू नका' अशा पातळीच्या दोषाला ही सवलत नसावी.

आरटीओत आणखी एक अट म्हणजे एजंटाला आणखी एक कमाई, ही भीती मला सर्वांत जास्त गंभीर वाटते, कारण ती अनुभवातून आलेली आहे. म्हणूनच या कामात कुणाचा शिक्का, कुणाची तपासणी, कुणाची भेट नको. नोंद कंपनीने लावायची, कंपनीने काढायची. क्लार्कच्या हातात काही ठेवायचं नाही. थकलेलं चलान भरल्यावर नोंद जशी आपोआप उतरते, तशीच ही उतरावी.

नियम बदलेपर्यंत घेणाऱ्यानं हे काम स्वतः करायचं आहे. बयाणा देण्याआधी आरसीवरचा सतरा अंक-अक्षरांचा चासी नंबर घ्या, गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो टाकून रिकॉल तपासता येतो. नसेल तर जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. राहिलेलं काम निघालं तर घाबरून व्यवहार मोडू नका, विकणाऱ्याला ते करून आणायला सांगा आणि झालेल्या कामाची नोंद असलेल्या जॉबकार्डची प्रत मागा. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात कंपनीकडे आपला मोबाइल नंबर मालक म्हणून नोंदवा. जो विकणारा चासी नंबर द्यायलाच टाळाटाळ करतो, त्याच्या यार्डातून तसंच बाहेर पडा.